रांजणाच्या तळाशी

आता गुडघे मला उतरू देत नाहीत,
म्हणून भाचा उतरतो,
काखेखालून दोर, हातात चेरीच्या सालीचा कुंचा.
मी वर तोंडाशी बसून कंदील धरतो, पाणी सोडतो,
आणि नको तेवढं बोलतो.

अलाझानीच्या खोऱ्यातला हा रांजण,
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला,
आत माणूस उभा मावेल एवढा.
दरसाल दारू उपसली की रिकामा होतो
आणि दरसाल भिंतीला काहीतरी धरून राहतं.
वरून ते दिसत नाही.
वरून दिसतो फक्त गोल काळोख, आणि वास चांगला येतो.

माझाही वास चांगलाच होता, ओतार.
चाळीस रांजण होते माझे.
ईस्टरच्या रात्री मेणबत्ती माझी सगळ्यांत जाड,
क्रुसाची खूण करायचो ती शेवटच्या रांगेला दिसेल अशी.
आणि वामेखची द्राक्षं तोलताना
पारड्याखाली
माझा अंगठा.

मग त्या ऑगस्टात गारा पडल्या.
अक्रोडाएवढ्या. अकरा मिनिटं.
मी घड्याळ पाहिलं होतं, का कोण जाणे.
वेली उभ्याच्या उभ्या सोलून निघाल्या.
त्याच हिवाळ्यात दारेजान खोकू लागली.
खोकलाच आहे, जाईल, म्हणालो होतो मी.
ती गेली.

पाद्रीबाबा घरी आले, बर्फ झटकत म्हणाले,
सोनं विस्तवात घालूनच पारखतात.
सोनं असेल त्याला घाला, मी म्हणालो,
आम्ही माती.
आणि दार लावून घेतलं.
दोन वर्षं, घंटा वाजली की
कुदळ घेऊन मी मागच्या अंगाला जायचो
आणि काहीही खणायचो.

रांजण विकले, एकेक करून.
ज्यांना विकले त्यांच्याकडेच मग
रोजावर घासायला जाऊ लागलो.
वामेखकडेसुद्धा.

आत कसं असतं ते तेव्हा कळलं.
मालक होतो तोवर कधी उतरलोच नव्हतो.
देवाशी भांडायला जागा चांगली. कोणी ऐकत नाही.
मी तोंडाला येईल ते बोललो.
पण रांजण काही ठेवून घेत नाही, पोरा.
माझीच शिवी भिंतीला वळसा घालून
माझ्याच कानाशी आली,
कोण कुणाला बोलतंय ते कळेना.
घासत राहिलो. चुना, पाणी, परत कुंचा.
बोटांची सालं निघाली.
आणि किती दिवसांनी ते आठवत नाही,
एक शब्द परत आला, जो मी उच्चारलाच नव्हता:
अंगठा.

वर आलो तो चुन्याने पांढरा, भुतासारखा.
वामेख पायरीवर भाकर खात होता.
सांगून टाकलं. सात हंगाम, अंदाजे इतके किलो.
तो बराच वेळ नुसता चावत राहिला.
ठाऊक होतं, म्हणाला,
आणि अर्धा कांदा माझ्याकडे सरकवला.

गारा देवाने पाठवल्या, असं मी म्हणणार नाही.
दारेजान नेली आणि बदल्यात मला शहाणपण दिलं,
असं कोणी म्हणालं
तर आजही त्याला अंगणाबाहेर काढीन.
एवढंच सांगतो, मी तळाशी होतो,
कुंचा एकच होता, माझ्या हातातला,
आणि आवाज मात्र दोघांच्या घासण्याचा येत होता.
घुमत असेल. असू दे.
त्यानंतर मी खणायला गेलो नाही.
देवळात जातो, खांबामागे उभा राहतो,
मेणबत्ती करंगळीएवढी. जळते तीही.

हं, दे बादली वर. बघू.
गढूळ आहे रे.
मेण लावायची घाई करू नकोस, आधी परत घास,
खालून, जिथे हात वळत नाही तिथून.
माझ्या बापाची रीत होती:
शेवटचं पाणी घासणाऱ्याने ओंजळीने प्यायचं.
पिववत नसेल तर रांजण साफ नाही.

अंधार वाटतो? वाटणारच.
सावकाश.
दोर माझ्या हातात आहे.